मागणीत नसलेली वस्तू

दहा वाजून एक मिनिटाने पेटी उघडली.
पाच लिफाफे. चारांवर लाख,
पाचव्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा
आणि त्यात उमटलेला अंगठा.

नारीनच्या जिल्हा कचेरीत मी समितीची चिटणीस.
कापायचं, मोठ्यानं वाचायचं, लिहून घ्यायचं.
एकेचाळीस शाळा, प्रत्येकी बारा संगणक,
तीन वर्षांची हमी.
अध्यक्ष जिरगालबेक आकडे ऐकताना डोळे मिटतात,
शेजारच्या खोलीत कुणी कोमुझ लावत असावं तसे.

बिश्केकची एक कंपनी : नगाला अठ्ठावीस हजार चारशे सोम.
बिश्केकचीच दुसरी, पत्ता तोच, मजला वेगळा :
अठ्ठावीस हजार पाचशे.
तिसरी आणि चौथी त्याच जिन्यावर कुठेतरी.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मग कणकेचा लिफाफा.
तोक्तोसुन, रेडिओ दुरुस्ती, अत-बाशी बाजार, निळं दार.
दर एकतीस हजार.
खाली हातानं :
"यात प्रत्येक शाळेला दोन टन कोळसा धरला आहे.
शिवाय दर शाळेतल्या एका मुलाला, नाहीतर मुलीला,
खोका उघडून आतला पंखा पुसायला शिकवीन.
त्याचे पैसे धरलेले नाहीत."

अध्यक्षांनी डोळे उघडले.
"आपण संगणक मागवलेत की बंब?"
सगळे हसले. मीही,
कारण मी त्याच टेबलाशी बसले होते.

अपात्रतेचं कारण इतिवृत्तात
एका ओळीत लिहावं लागतं.
लिहिलं : मागणीत नसलेली वस्तू देऊ केली.
शाई वाळेपर्यंत वाचत राहिले.
व्याकरणाची चूक नव्हती.

जानेवारीत फोन सुरू झाले.
वरच्या गावातल्या मुख्याध्यापिका उउलकानबाई :
"पडदा उजळतो, मग विझतो."
मी हमीपत्राचं पान नऊ वाचून दाखवलं.
दहा अंशांखाली यंत्र चालवल्यास
कंपनी जबाबदार नाही.
वर्गात किती असतं?
"उणे दोन. पण मुलं आली की शून्यावर येतं,"
त्यांनी हे जरा अभिमानानंच सांगितलं.
"रात्री नमदे घालतो त्यांच्या अंगावर.
वासरांना घालतो तसे."

पुढच्या वर्षी मसुद्यात
मी गुपचूप कलम सतरा घातलं :
कोळसा, दोन टन, प्रति शाळा.
अध्यक्षांनी न वाचता सही केली. मला तेच हवं होतं.

पेटी दहाला बंद.
दहा वाजून बारा मिनिटांनी तो दारात.
किझिल-बेलच्या घाटात बर्फ, गाडी अडकलेली,
शेवटचा चढ पायी.
कानटोपीवर अजून पांढरं होतं.
हातात लिफाफा, कणकेचाच.

उशिरा आलेली निविदा न उघडता परत करावी, कलम पाच.
ते टंकलंही मीच.
लिफाफा घेतला, वेळ लिहिली,
त्याची सही घेतली, परत दिला.
आत कागदाखेरीज काहीतरी होतं,
छोटं, कडक, माझ्या अंगठ्याखाली फिरणारं.
काय आहे, हे विचारायची तरतूद कुठल्याच कलमात नाही.

आतल्या खोलीत तीन लिफाफे कापले.
कलम सतराच्या रकान्यात तिघांनीही लिहिलं होतं : शून्य सोम.
"फुकट देताहेत," अध्यक्ष म्हणाले, "आणखी काय पाहिजे?"
बेरीज जुळत होती.
कोळसा कधी, कुठल्या वाटेनं, कुणाच्या ट्रकमधून,
हे मी विचारायला हवं होतं.
मी पुढचं पान उलटलं.

बाहेर आले तेव्हा तो पॅसेजमध्ये होता,
हीटरला पाठ लावून.
शिपायानं त्याला चहा दिला होता.
एका हातात वाटी,
दुसऱ्या हातात लिफाफा.
उबेनं कणीक मऊ पडत होती,
आणि तो तिच्यावर अंगठा दाबून
तो बंद धरून उभा होता.