अढी

पहाटे साडेपाचला आमच्याकडे रात्रच असते अजून.
नारेवच्या काठी यंदा बर्फ नाही, नुसता चिखल,
आणि शेजारची यागोदा, आठ वर्षांची,
बरणीत मेणबत्ती लावून दारात उभी:
चला ना आजी, अंधार संपायच्या आत पोचायचंय.

चर्चमध्ये दिवे लावत नाहीत.
पोरांचे कंदील तेवढे हलतात बाकांमधून.
पांढऱ्या झग्यातले फादर आधी खोकतात,
मग म्हणतात, वाट तयार करा.
आगमनकाळ आला की दर वर्षी हेच.
मी मनात म्हणायचे, मला काय सांगता!

मी फाटकवाली.
तेहतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली,
ब्यावीस्तोकच्या गाडीसाठी दांडी खाली, दांडी वर.
वाट पाहणं मला कुणी शिकवू नये.
गाडी आपण वाट पाहतो म्हणून येत नाही,
पण कंदिलाची काच पुसलेली हवी,
सांध्यात गोठलेलं पाणी तापल्या सळईनं फोडलेलं हवं.
एकदा राहून गेलं. दांडी वरच राहिली.
घोडा वाचला नाही.
त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.

तर तयारी मला ठाऊक होती:
खिडक्या धुतल्या, बीट आंबवत ठेवलं,
नाताळच्या आदल्या रात्रीचे बारा पदार्थ बोटांवर मोजले
आणि रीतीप्रमाणे एक ताट जादा घासून ठेवलं,
अवचित येईल त्याच्यासाठी.
चौदा वर्षं ते कोरडंच उचलते मी.
पलीकडच्या काठावर झेनोन राहतो, माझा सख्खा भाऊ.
बाबांच्या बागेतल्या सात झाडांवरून
वकिलाच्या पायऱ्या चढलो दोघं, तेव्हापासून
त्याच्या धुराड्याचा धूर दिसतो, तेवढाच.

तिसऱ्या रविवारी तळघरात उतरले सफरचंदं काढायला.
पायरीवरच वास आला, गोडसर, दारूसारखा.
पेंढ्यात हात घातला तर आत ऊब.
वरची पिवळीधमक, कुणालाही दाखवावीत अशी.
तळाचं एक काळं, मऊ,
त्याला टेकलेली तीन,
तिघांना टेकलेली किती, मोजलं नाही.
दर वर्षी मी वरवरचीच काढत आले होते.
अढी तळापासून उपसावी लागते.

बसले पायरीवर, गुडघे कुरकुरत.
प्रार्थना वगैरे काही सुचली नाही.
एकेक फळ हातात घेऊन दाबून पाहत होते
आणि आठवत होते, पहिला शब्द कुणाचा होता.
त्याचा, असं चौदा वर्षं सांगत आले सगळ्यांना.
बादली अर्धी भरली तेव्हा कळलं,
त्याचा नव्हता.
पेंढा अंगणात नेऊन जाळला.
ओला होता, पेटायला वेळ लागला.

चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी
चांगली निघाली ती टोपलीत घातली, एकोणीस.
पुलावरून यागोदा पुढे, तिची बरणी पुढे,
मी मागून, शब्द जुळवत, मोडत.

त्यानं दार उघडलं. म्हातारा झालाय.
टोपलीकडे पाहिलं, मग एक फळ उचलून
आमचे बाबा हुंगायचे तसं हुंगलं.
"तळाची सडली असतील."
"हो."
"माझीही," तो म्हणाला.

मग कुणीच काही बोललं नाही.
त्यानं आत बोलावलं नाही,
दारही लावलं नाही.
वारा नदीवरून येत होता, मेणबत्ती थरथरत होती.

यागोदानं बाही ओढली माझी, कुजबुजली:
आजी, आता काय करायचं?

काच काळी झालीये, म्हटलं.
पुसून घे.