कान पाण्यात

तेंदूपत्त्याचा हंगाम संपला त्या शुक्रवारी
फळीवरचा शेवटचा पुडा मोजून झाला
आणि मुन्शीनं वहीला रबर लावलं.
अंजिरा म्हणाली, उद्या बोडीवर जाऊ.
कपडे धुवायला नाही. नुसतं.

'नुसतं' हा शब्द तिनं असा काढला,
पेटीच्या तळातलं ठेवणीतलं लुगडं काढावं तसा.

अकराजणी निघालो चिचटोल्यातून.
अकरा यासाठी, की दोघी-तिघींनी त्या रानात जायचं नसतं
गेल्या दोन वर्षांपासून.
का, ते कोणी बोलत नाही. नाव घेतलं की तो ऐकतो.
सगळ्यात पुढं निरुपा, तेलाचा रिकामा पिपा अन् काठी,
दर शंभर पावलांवर ठण्ण.
सगळ्यात मागं यमुत्राबाई, चपला हातात.
"चपला झिजते, पैसे पडते," म्हणते.
"पाय फुकटचे हायेत."

मधे मी.
माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं.
विहिरीचं पाणी चहा नासवतं तिथं,
आणि गोडं पाणी म्हणजे टँकरमागं धावणारी बादली.
पोहताना मी फक्त म्हैस पाहिलेली,
तीही एकदा, पूर्णेच्या पुरात.

आठ वाजले नाहीत तर मुरूम तापला.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
चारं तोडत, जिभा जांभळ्या करत चाललो,
बयना तिच्या जावयाची गोष्ट सांगत होती,
हंगामभर ऐकलेली,
तरी हसायच्या जागी हसलो.
तांबट ठोकतच होता एकसुरी,
कोणाचं भांडं होतं कोण जाणे, पुरंच होईना.

मग झाडं सरली आणि बोडी.
उन्हानं तीन बाजूंनी कुरतडलेली.
पारीवरच्या अर्जुनाची सावली जेवढी
तेवढंच काळं, खोल पाणी.
काठच्या चिखलात चितळांचे खूर,
मोराच्या फुल्या,
आणि एक ठसा, माझ्या पंजाहून मोठा.

सगळ्या गप्प.
यमुत्राबाई वाकली, बोटानं कड चाचपली.
"सुकला. रातचा हाय.
त्याची पाळी झाली, आता आपली."

निरुपानं पिपा तीनदा बडवला.
यमुत्राबाईनं काचा मारला
आणि साठीची ती बाई पारीवरून थेट
धबाक.
मग कोणी परकरात हवा भरून फुगा केला,
अंजिरानं बुडी मारून बयनाचे पाय ओढले,
सुगरता तळाचा चिखल तोंडाला फासत
ब्युटीपार्लर, ब्युटीपार्लर, ओरडत होती.
पाळीपाळीनं एकजण काठावर:
पिपा, काठी, आणि रानाकडं तोंड.

मी गुडघ्यापर्यंत.
मग कमरेपर्यंत.
मग तिथंच, खुंट्यासारखी.

"पाण्याले धरू नोको," यमुत्राबाई जवळ येत म्हणाली,
"ते धरल्या जात नाही.
मान सोड.
कान पाण्यात घाल."
पाठीखाली तिचा हात,
सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून खरखरीत झालेला.

कान पाण्यात घातले.
बायका गेल्या.
पिपा गेला, तांबट गेला, बयनाचा जावई गेला.
वर अर्जुनाची गोरी फांदी,
तिच्यामागं तापून पांढरं पडलेलं आभाळ,
आणि आत कुठंतरी जातं फिरल्यासारखी घरघर.
लग्नाला सात वर्षं झाली.
एवढा वेळ कोणाचीच हाक नाही,
असं पहिल्यांदा झालं.

हात केव्हा काढून घेतला, तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

परतताना ऊन उभं.
निरुपानं मोजल्या: अकरा.
केस वाटेतच वाळले, वास मात्र चिखलाचा राहिला.
घरी विचारलं, कुठं होती?
बोडीवर.
काय करत होती?
नुसतं.

रात्री लाईट गेली. कूस बदलली
तर उजव्या कानातून कोमट काहीतरी सरकलं,
गालावरून उशीवर.

पुसलं नाही.