उंदराचं पान

वही माझ्याकडे आली, कारण मी सातवीपर्यंत शिकले
आणि माझं अक्षर म्हातारीलाही दिसेल एवढं मोठं आहे.
पहिल्या पानावर एकेचाळीस बायका.
न्यिमासाता. सिरे. कुम्बा थोरली, कुम्बा धाकटी.
प्रत्येकीपुढे सहा वाफे, विहिरीची वेळ
आणि महिन्याचे पंचवीस दलासी:
दिले, की राहिले.

गावच्या अल्कालोने जमीन दिली ती उगाच नाही.
खारी होती. उन्हाळ्यात नदी उलटी चढायची
आणि जाताना मीठ ठेवून जायची.
पुरुषांनी भुईमूग लावून पाहिला, हात झटकले.
आम्ही त्याच भुईमुगाची टरफलं गोळा केली,
शेण, चुलीतली राख,
दोन वर्षं तिला नुसतं खाऊ घातलं.
तिसऱ्या वर्षी भेंडीला फूल आलं.
न्यिमासाता म्हणाली, ओरडू नका, दृष्ट लागेल.
आम्ही ओरडलो.

कांद्याचं मात्र असं,
तो सगळ्यांचाच एका आठवड्यात माना टाकतो.
आमचा, पलीकडच्या गावाचा, अख्ख्या उत्तर काठाचा.
मग बाजारात गाढवगाड्यांची रांग,
आणि व्यापारी बसल्या जागी दात कोरत
भाव सांगतो की शिवी देतो, कळत नाही.
त्याच्या पाठीमागे बंदरावरून आलेली लाल जाळीची पोती,
आत गुळगुळीत कांदे, एका दिवशी जन्मल्यासारखे.
त्यांना समुद्र परवडतो.
आम्हाला गाढवाचं भाडं पडत नाही.

म्हणून यंदा चाळ बांधली.
ताडाच्या फळ्या, वर गवत, खालून वारा.
कोलाचं फळ फोडून एकेचाळीस तुकडे केले,
कडू तोंडाने ठरवलं:
सात हप्ते कुणी एक कांदा विकायचा नाही.

सात हप्ते बोलायला सोपे.
तिसऱ्या हप्त्यात धाकट्या कुम्बाच्या पोरीला ताप.
चौथ्यात शाळेची फी.
मी रोज संध्याकाळी पोती मोजायची,
पोटातला आवाज आणि आकडा एकत्र व्हायचे, पुन्हा मोजायची.

पाचव्या हप्त्यात अर्धं पोतं कमी.

सुतळीची गाठ उलटी होती, डाव्या हाताची.
आमच्यात डावखुरी एकच.
आणि आदल्या रात्री
तीन दिवसांनी पहिल्यांदा
सिरेच्या अंगणातून धूर निघताना मी पाहिला होता.

मी न्यिमासाताकडे गेले. वही उघडी, पेन्सिल तयार.
तिने गाठ पाहिली. बराच वेळ पाहिली.
उंदीर, ती म्हणाली.
अर्धं पोतं?
भुकेला होता.
लिही.

मी लिहिलं. उंदीर, अर्धं पोतं.
दुसऱ्या दिवशी विहिरीवर सिरे कुणाकडे बघत नव्हती,
आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं,
फक्त तिची बादली दोरापर्यंत जायच्या आत
कुणीतरी भरून ठेवत होतं.

सातव्या हप्त्यात व्यापारी स्वतः आला.
उभा राहिला. दात कोरायची काडी खिशात.
अडीचपट.
त्या रात्री आम्ही पैसे चटईवर मांडले
आणि माझा हात थरथरला म्हणून
थोरल्या कुम्बाने मोजले.

सिरेने तिचा वाटा घेतला, उठली, परत बसली.
काही नोटा वहीवर ठेवल्या.
मी विचारलं, कुठल्या भावाने धरू?
आताच्या, की तेव्हाच्या?
ती गप्प.
न्यिमासाता म्हणाली,
उंदराने ज्या भावाने खाल्ले, त्या भावाने.
आधी एक हसली, मग कुणीच थांबेना.
सिरे हसता हसता रडत होती की उलट,
कंदिलाच्या उजेडात नीट दिसलं नाही.

नव्या हंगामाच्या वहीत
शेवटून दुसरं पान कोरं सोडायचं ठरलं.
चाळ उघडायच्या आधी जिला थांबणं जमणार नाही
तिने तिथे नाव लिहायचं आणि कांदे न्यायचे,
कारण विचारायचं नाही.
त्याला सगळ्या उंदराचं पान म्हणतात.

आतापर्यंत पाच नावं आहेत.
तिसरं माझं.
मोठ्या अक्षरात.