अंगवळण

क्लाइपेदाच्या बंदरात चौदा नंबरच्या क्रेनवर,
काचेच्या केबिनमध्ये,
माझ्या उजव्या हाताशी एक लाल दांडा आहे.
एकोणीस वर्षं तिथेच आहे.
अंगठ्याखालचा रंग उडून लोखंड दिसायला लागलंय,
तरी कोणी, अगदी हॅम्बुर्गहून येणारा तो टायवाला इंजिनिअरसुद्धा,
एका रात्रीत तो डावीकडे नेत नाही.
कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला
बावीस टन लोंबकळत असतात,
आणि खाली ल्यूताउरास, कितीदा सांगूनही,
तिथूनच चालत जातो.

तुम्ही मात्र नेलं.
मंगळवारी पहाटे सर्व्हर बंद,
आठ गिगाबाइट उतरवून घ्या म्हणालात.
घेतले.
खेळ उघडला तर माझं सगळं उजवीकडचं डावीकडे.

मी वैदू आहे, रात्री साडेनऊनंतर.
बारा माणसांचे प्राण माझ्या पडद्याच्या उजव्या कडेला
हिरव्या पट्ट्यांत, एकाखाली एक,
दोरीवरच्या मोज्यांसारखे टांगलेले असायचे.
कोणाचा आखूड झालाय ते न बघता कळायचं.
आता ते गोल आहेत.
राखाडी, आणि आत थोडं कमी राखाडी.
याला तुम्ही स्वच्छ म्हणता.
मोकळ्या जागेला श्वास घेऊ दिलाय म्हणता.

गुरुवारी, धुक्याच्या किल्ल्यात, तिसऱ्या दरवाजाशी
मोकळी जागा श्वास घेत होती,
इल्मार्स घेत नव्हता.
तो लिएपायाचा, शाळेची बस चालवतो,
आणि आमच्यासाठी ढाल घेऊन पुढे उभा राहतो.
माझं बोट गेलं उजव्या कोपऱ्यात,
जिथे सहा वर्षं संजीवनी होती,
आणि दुकान उघडलं.
जांभळा झगा, साडेबारा युरो,
फक्त आजच्या दिवस.
झग्याआड दलदलीचा बैल त्याला तुडवत होता.
मी दुकान बंद करायची फुली शोधत होते.
फुलीसुद्धा स्वच्छ केलेली.
इल्मार्स कानात एकच लाटवियन शब्द म्हणाला.
या किनाऱ्यावरच्या प्रत्येक हमालाला तो येतो.

शब्द काढून टाकलेत तुम्ही, त्याचं काय?
विष उतरवणे: एक थेंब.
रक्त थांबवणे: एक थेंब, जरा कलता.
पखाल भरणे: थेंबच.
जखमेवर पाणी ओतलंय मी या आठवड्यात, चारदा.
आणि पेर्नूची मिल्वी, वय एकाहत्तर,
आमच्यातली सगळ्यात अचूक धनुर्धर,
म्हणाली, ही अक्षरं सूपमध्ये पडलेल्या केसासारखी आहेत,
दिसतात, पण धरता येत नाहीत.
नोव्हेंबरात डोळ्याचं ऑपरेशन झालं की बघू म्हणाली.
सगळ्यांना नमस्कार लिहिला
आणि गेली.

नकाशा चांगला केलाय, हे कबूल करते.
पूर्वी छातीवर बसायचा, आता दुमडतो.
नद्यांची नावं पण वाचता येतात.
ज्याने कोणी तो केला,
त्याला बाकीच्या खोलीत का बसवलं नाही?

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे.
आज अकरावा.
कालपासून बोट चुकत नाही.
डावीकडे जातं, गोल शोधतं, थेंब ओळखतं.
इल्मार्स काल एकदाही मेला नाही.
तुम्ही म्हणालाच होतात, सवय होईल.

झाली.
आज सकाळी, पावणेसातला, वारा खाडीकडून,
दोरावर बावीस टन,
थांबवायचं होतं,
आणि माझा उजवा हात
डावीकडे निघाला.

अर्धा सेकंद असेल.
मग सापडला दांडा, जिथे होता तिथेच.
डबा झुलला, सावली डांबरावरून पुढे गेली,
परत आली.

खाली ल्यूताउरासने वर पाहिलं,
टोपी मागे सारून,
बराच वेळ.