प फ ब भ म

माघातलं लग्न वाजवून गंगाखेडहून परतताना
टेम्पोच्या फाळक्याला डोकं टेकून झोपले हे,
डाव्या कानावर घाटाचा वारा.
सकाळी चूळ भरली तर
पाणी एका बाजूनं गळालं, बनियनवर.
मी हसले. वाटलं, सोंग करायलेत.
मग हेही हसले,
आन् अर्धंच तोंड हसलं.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
फिजिओच्या खोलीत भिंतभर आरसा,
शेजारी सोललेल्या माणसाचं चित्र,
कपाळापासून गळ्याच्या हाडापर्यंत लाल दोऱ्या,
बाजेचं सुंभ विणावं तशा.
केंद्रे मॅडम पेनानं दाखवायच्या:
ही भुवई उचलणारी.
ही डोळा मिटणारी, बांगडीसारखी गोल.
ही नाक फेंदारणारी, हिचं सध्या अडलेलं नाही.
आन् हा गालातला, बक्सिनेटर,
नावाचा अर्थच शिंग फुंकणारा.
हे एकदम ताठ बसले,
परगावी कुणी ओळखीचं निघावं तसे.
पंचवीस सिझन ट्रंपेट फुंकलं,
आपल्याच गालाचं नाव ठाऊक नव्हतं.

घरी भाकर डाव्या गालात साठायची.
चावणारं सगळं शाबूत, कानशील हलायचं घासागणिक,
पण गाल घास माघारी ढकलत नव्हता.
भिंतीकडं तोंड करून बोटानं काढायचे.
डावं कपाळ सपाट, एक आठी नाही.
तिकडून पाहिलं की हळदीतला नवरदेव,
इकडून पाहिलं की सगळ्या दुसऱ्यांच्या वराती.
रात्री डावा डोळा उघडाच.
मी बोटानं पापणी ओढायची, वर चिकटपट्टी,
तरी वाटायचं, फटीतून घर बघायलेत.

मान मात्र ह्यांचीच होती.
बालाघाट ब्रास बँड अख्खा त्या मानेवर चालायचा.
तोंडाला ट्रंपेट असल्यावर माणूस बोलणार कशानं?
हनुवटी खाली: ढोल.
खांदा कानाशी: आवरा, वरात दारात आली.
डावीकडं झटका: नागिणीची धून.
नुसतं आभाळाकडं बघितलं, तर पैसे राहिलेत.
मॅडम म्हणल्या, डावीकडं वळायचं तर
ओढतो उजवीकडचा पट्टा, कानामागून छातीपर्यंत.
हात लावून बघितला मी. खरंच.
त्याचं नाव मालगाडीएवढं,
परळीच्या फाटकात थांबून डबे मोजावेत असं.
मी अर्ध्यातच सोडलं.

मग रोजचा पाठ. फुगा. शिट्टी. मेणबत्ती.
आन् ओठाला ओठ लावून, प फ ब भ म.
बँडचं हँड व्हायचं, भाकरीची हाकरी,
बंकट उफाडे स्वतः हंकट उहाडे.
बाकावरची पोरं खुदखुदायची.
मॅडमनं विचारलं, घरच्यांचं नाव काय?
खोली गप.
एकोणीस वर्षं 'अगं', 'ऐकलं का',
नाहीतर पोरीच्या नावानं हाक.
हे आरशात बघेनात. मान खाली गेली, मग आडवी हलली,
डावी उजवी, डावी उजवी,
एवढ्या दोऱ्या निव्वळ नाही म्हणायला.
'म्हणा. औषध समजा.'
हा... मा.
भ निसटला. म लागला.
पहिल्यांदा, चारचौघांत, अर्ध्या तोंडानं.
मी चित्रातल्या माणसाकडं बघत राहिले,
लाजायची दोरी कुठली, शोधत.

वैशाखात ट्रंपेट पुतण्याच्या तोंडाला होतं.
हे पुढं, हात मोकळे,
घाटनांदूरची अख्खी वरात नुसत्या मानेवर काढली.
परत येताना कानाला मफलर, उन्हाळ्यात.

कधीमधी गोठ्यामागं जाऊन एक सूर फुंकतात.
डाव्या कोपऱ्यातून हवा सुटते अजून,
पंक्चरच्या टोपल्यात ट्यूब बुडवावी तशी.
आत येऊन पाणी मागतात.
पोरगी नसली घरात, तर नावानं.
भ जमायला लागलाय, मॅडम म्हणतात.
मी त्यांना सांगितलं नाही,
मला ह चालतो.