गाळी

संकेश्वरात बाजारपेठेच्या टोकाला माझं मशीन.
मिरचीची पोती, ट्रॅक्टरवरची ताडपत्री,
कधी मांडवाची उसवलेली झालर.
पाटीवर पिराजी टेलर, पण सदरे कुणी आणत नाही.

त्या दिवशी गाडीच्या टपावरून तिनं उतरवला
एक पंख.
पाखराचा नव्हे, पतंगाचाही नव्हे.
पुढच्या कडेला हवा भरायची नळी,
मागं नखानं वाजवावं असं ताठ कापड.
बेळगावची पोरगी, मुतगेकरांची तेजल.
म्हणाली, काका, एवढं शिवाल की ओ?

दुकानात मावेना. रस्त्यावर पसरला,
कट्ट्यापासून गटारीपर्यंत.
लोकांनी सायकली वळवून नेल्या,
एक शेळी मधोमध येऊन उभी राहिली.

हातभर फाटला होता.
हिडकलच्या पाण्यात पडले, म्हणाली,
फळीखालची काठी कशावर तरी आदळली
आणि पंख गेला बाभळीच्या शेंड्यात.
पाण्यात बाभळ कशी, हे मी विचारलं नाही.
सुईत धागा ओवला.

असलं कापड हाताला पहिल्यांदाच लागलं.
वजन म्हणून नाही. सुई शिरली की कुरकुरतं.
दोन्ही अंगांनी पट्टी लावली, टाका नागमोडी घातला.
सरळ टाका वाऱ्याला मानवत नाही,
हे ताडपत्रीनं शिकवलेलं.
पैसे? म्हटलं, आधी उडू दे.

रविवारी बसनं धरणावर गेलो.
यल्लाप्पा अंबिगेर हरगोल उपडा घालून
तिला सांगत होता, अर्धं कन्नड, अर्धं मराठी:
तो पांढरा डबा तरंगतोय? ती शाळा. तिकडं नको.
डावीकडं चावडी, भिंत अजून उभी आहे.
मधून जा. मधी गल्ली, रुंद,
दोन बैलगाड्या जायच्या.
अठरा वर्षं जाळं अडकवून शिकलोय.

ती मान हलवत ऐकत होती,
नव्या गावात पत्ता विचारावा तशी.

मग पाण्यात. गुडघ्यावर. पडली.
चढली. पडली.
एकदा पंखच तिच्या डोक्यावर.

गाळी बंतु, यल्लाप्पा म्हणाला.
वाऱ्याला त्यांच्यात गाळी म्हणतात.
आमच्यात गाळ म्हणजे तळाला बसलेलं.
ह्या एका शब्दापायी लहानपणी
मास्तरांचा मार खाल्ला होता मी,
त्याच शाळेत, डब्याखालच्या.

पाण्यावरून काळसर सुरकुत्या सरकत आल्या.
पंख भरला, टाका ताणला,
माझ्या बोटांना ते इथवर कळलं.
खळखळणारी फळी
गप्प झाली.
पाणी सोडून वर आली, हातभर,
खाली फक्त ती काठी, पाणी चिरत,
चांगल्या कात्रीनं मलमल न मिटता
सरळ जावी तशी.

गेली गल्लीतून.
सुताराचा गोठा मागं पडला, आडाचा चौक,
मग आमच्या दारावरून.
तिला काय ठाऊक.
मी मात्र काठावर बसल्या बसल्या
पाय आत ओढून घेतले,
उंबऱ्यावरचा माणूस गाडी येताना घेतो तसे.

चावडीपाशी वळताना पडली.
तिथं आम्ही सगळेच पडायचो, सायकलवरून.
उतार होता.