चिकटपट्टी

शिक्षण मंडळाच्या खोक्यात यंदाही
पारदर्शक चिकटपट्टीचं रीळ आलंय,
सोबत छापील पान: धडा कसा घ्यावा.
एक तुकडा तोडावा. एका मुलाच्या दंडावर लावावा, ओढून काढावा.
मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.
शेवटी उजेडात धरावा:
लव, मळ, स्वेटरचा धागा.
आणि विचारावं, आता हा कुणाला चिकटेल?

मी पंधरा वर्षांची असताना
चर्चच्या तळघरात हाच तुकडा पाहिला होता.
शेजारी रोवीना टकेट होती.
तुकडा कचऱ्याच्या डब्यात पडला तेव्हा सगळे हसले.
तीही हसली,
पण क्षणभर उशिरा, पायरी चुकल्यासारखी.
सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती.
तिला कुणी विचारलंच नव्हतं, हो की नाही,
त्या घरात, त्या उन्हाळ्यात,
हे मला कळायला वीस वर्षं लागली.

आता मी या शाळेची नर्स आहे.
टेक्ससचा सपाट कोपरा, खिडकीबाहेर सरकीचा वास,
जिनिंगमधून उडालेला कापूस कुंपणाच्या तारांवर अडकलेला.
माझ्याकडे बर्फाच्या पिशव्या आहेत, वजनकाटा आहे,
आणि बँडेजचं एक रिकामं खोकं, झाकणाला चीर पाडलेलं.
नाव लिहू नका म्हटलं. सव्वीस मुलं. एकोणीस चिठ्ठ्या.

"सगळेच करतात का?"
नाही रे बाबांनो. सगळे फक्त सांगतात.

"मला नकोच वाटतं. माझ्यात काही बिघाड आहे का?"
हे अक्षर मी ओळखलं, इन्सुलिनच्या वहीतलं.
शुक्रवारी रात्री याच्या अंगावर दोघं-दोघं आपटतात
आणि हा जागचा हलत नाही.
ओळखल्याचं मी दाखवलं नाही.
म्हणाले, बिघाड नाही. काहींना उशिरा वाटतं,
काहींना वाटतं पण थांबावंसं वाटतं,
दोन्हीला औषध लागत नाही.
मागच्या रांगेत कुणीतरी मोठा श्वास सोडला.

मग म्हटलं, चला, तोंडाने म्हणून पाहू.
नको.
इतक्यात नको.
तू आवडतोस, तरी नको.
ब्रिसेडा ओंतिवेरोस असं म्हणाली
जसं कुणी ताटात आणखी घेवडा वाढायला आलंय.
वर्ग खिदळला.
पुन्हा म्हण, मी म्हटलं, डोळ्यांत बघून,
आणि शेवटी "सॉरी" लावू नकोस.
कारण विचारलं तर? कारण देणं लागत नाही तू.
आणि मुलांनो, ऐकणाऱ्याचंही एक काम असतं.
"बरं" म्हणायचं.
तेही म्हणून पाहिलं. ते जास्त अवघड गेलं.

थांबायचं असेल तर थांबा,
पण मला घाबरून नको,
रविवारच्या प्रवचनाला घाबरून नको,
त्या तुकड्याला तर मुळीच नको.
घाबरून घेतलेला निर्णय
गाडीच्या मागच्या सीटवर फार वेळ टिकत नाही.
दवाखाना चाळीस मैलांवर आहे, बुधवारी उघडा असतो,
हे मी सांगायचं नसतं. सांगितलं.

शेवटची चिठ्ठी दोन तुकड्यांत होती.
टाकणाऱ्याने आधी फाडली असावी,
मग दोन्ही भाग तरी टाकलेच.
मी रीळ काढलं, वीतभर पट्टी दातांनी तोडली,
सगळ्यांसमोर कागद जोडला, आणि वाचला:
"एकदा हो म्हटलं असेल, तर पुढे नाही म्हणता येतं का?"

येतं, मी म्हटलं.
घंटा झाली होती. कुणी उठलं नाही.
येतं, पुन्हा म्हटलं, खुर्च्यांकडे न बघता,
एका खुर्चीकडे तर मुद्दामच न बघता.

संध्याकाळी मंडळाचा फॉर्म भरला.
धडा पूर्ण झाला का? हो.
दिलेलं साहित्य वापरलं का?
हो. वीतभर.